सात नंबरचे पापड

"पुन्हा मोज," नळेगावकर सर म्हणाले आणि त्यांनी बियांची पिशवी माझ्या टेबलावर अशी आपटली की स्टँडवरची काचेची नळी थरथरली.

"सर, दोनदा मोजलंय."

"मग तिसऱ्यांदा मोज. तुझ्या त्या यंत्राला जरा जाग येऊ दे."

"यंत्र कुठलं सर? बी आम्लात शिजवायचं, त्यातलं नत्र मोजायचं आणि गुणाकार करायचा की प्रथिनं आली. झोपायला जागाच नाही यात कुणाला."

"मग गुणाकारात चुकली असशील."

मी वही त्यांच्यापुढे सरकवली. सरांनी ती चष्मा कपाळावर चढवून पाहिली, मग चष्मा खाली घेऊन पाहिली, आणि दोन्ही वेळा आकडा तोच दिसल्यामुळे वही मिटून टाकली. रागावले की ते मला नावाने हाक मारत नसत. "केमिस्टबाई," ते म्हणाले, "माझ्या जातीशी तुझं काय वाकडं आहे ते एकदा सांगून टाक."

लातूरजवळच्या एका तेलबिया संशोधन केंद्रावर मी नुकतीच जीवरसायनाच्या प्रयोगशाळेत रुजू झाले होते. सर तिथले सूर्यफुलाचे पैदासकार. अख्खी नोकरी त्यांनी सूर्यफुलांच्या ओळींतून फिरण्यात घालवली. हे फूल त्या फुलाशी जुळव, त्यातलं बी पुन्हा पेर, फुलांवर कापडाच्या पिशव्या बांध, पोपट हाकल. एवढं करून त्यांच्या पदरात एकच जात पडली होती. तिचं अजून बारसंही झालं नव्हतं. चाचणीतल्या क्रमांकावरून सगळे तिला सात नंबर म्हणत.

त्या आठवड्यात पुण्याहून समिती येणार होती. चार केंद्रांच्या चार जाती स्पर्धेत होत्या, त्यांतली एक पुढे राज्यभरच्या शेतांवर जाणार आणि बाकीच्या बाद. सर त्याच वर्षी निवृत्त होणार होते. सात नंबर या वेळी गेली नाही, तर पुन्हा तिच्यासाठी भांडायला कुणी उरणार नव्हतं. बी थंड खोलीतल्या डब्यात आणि सर घरात, असा सरळ हिशेब होता, आणि तो केंद्रावर सगळ्यांना ठाऊक होता.

तेलात चारही जाती एकमेकींच्या तोडीस तोड होत्या. समितीचे अध्यक्ष डॉ. सबनीस मात्र प्रथिनांचे माणूस. तेल काढून उरलेली पेंड आपण ढोरांपुढे टाकतो, ती माणसाच्या पोटात गेली पाहिजे, असं ते जिथे माईक मिळेल तिथे सांगत. आणि प्रथिनांत सात नंबर चौघींत शेवटची होती. फार मागे नव्हती, पण शेवटची ती शेवटचीच.

सरांचा चेहरा बघून मला राहवलं नाही. मी म्हटलं, "सर, हे झालं प्रथिन किती आहे ते. कसं आहे ते यात कळतच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे प्रथिनाचाही दर्जा असतो. शरीराला काही घटक बाहेरूनच मिळावे लागतात. त्यातलं लायसिन सूर्यफुलात कमी असतं, ते डाळीत भरपूर असतं. म्हणून एकटं सूर्यफूल पुरं पडत नाही, जोडीला डाळ लागते. तुमच्या जातीत ते इतरांपेक्षा बरं असेलही."

"मग मोज की ते!"

"त्याचं यंत्र विद्यापीठात आहे. नंबर लागायला उन्हाळा उजाडेल. नाहीतर पांढऱ्या उंदरांना महिनाभर खाऊ घालायचं आणि कुणाचं वजन वाढतं ते बघायचं. आपल्याकडे उंदीरही नाहीत."

सर खिडकीतून बाहेर बघत राहिले. मग एकदम वळले. मघाचा राग कुठल्या कुठे गेला होता.

"उंदीर नाहीत," ते म्हणाले, "पण समिती आहे की!"

हा विचार एकदा सरांच्या डोक्यात शिरला आणि त्यांना दुसरं काही सुचेना. चारही जातींचं बी सोलून, केंद्रावरच्या छोट्या घाण्यातून तेल काढून, पेंड वाळवून, दळून, वस्त्रगाळ करून त्यांनी चार डबे भरले आणि ते घरी नेऊन काकूंच्या, म्हणजे आपल्या पत्नीच्या, पुढ्यात ठेवले. काकूंच्या हातचे पापड आमच्या वसाहतीत नावाजलेले होते. कुणाच्या घरी कार्य निघालं की आधी काकूंना विचारून मगच मुहूर्त धरत, असं लोक गमतीने म्हणत.

मी तेव्हा तिथेच होते. पेंडीचं पीठ कसं वापरायचं ते सांगायला सरांनी मला बरोबर नेलं होतं.

"निम्मं हे, निम्मं उडदाचं," मी म्हटलं. "उडदातलं लायसिन याला मिळेल."

"मिळू दे बाई, ज्याला जे मिळायचं ते," काकू म्हणाल्या. त्यांनी चौथ्या डब्याचं झाकण उघडून चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं. "ही माझी सवत वाटतं?"

सात नंबरला काकू सवतच म्हणत. सरांच्या तोंडावर म्हणत, पाहुण्यांसमोर म्हणत. "आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला हे तिच्या डोक्यावर पिशव्या बांधायला गेलते," असं त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. "माहेरी जाऊन चार महिने राहिले तरी यांना पत्ता लागायचा नाही. तिला दोन दिवस पाणी नाही मिळालं तर लगेच जेवण जात नाही."

"पापड कळले पाहिजेत हं कुठले कुठले ते," सर म्हणाले.

"कळतील की. आम्ही चौघी मिळून लाटतो तवा खुणा करतोच." पहिल्या तिन्हींना सुईचे टोचे, एकाला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. "आन सवतीला?" काकूंनी कोनाड्यातलं औषधाच्या बाटलीचं टोपण उचललं. "सवतीला ह्या टोपणाचा ठसा. कुंकू समजा."

सर नुसतेच हसले. मला त्या दोघांचं हे भांडण बघायला मजा वाटायची, आणि खरं सांगायचं तर काकूंसाठी थोडं वाईटही वाटायचं. थट्टेत म्हटलं तरी इतकी वर्षं तेच तेच कुणी उगाच म्हणत नाही.

समिती यायच्या दिवशी सकाळी मी प्रयोगशाळेचं कुलूप काढत होते, तेवढ्यात सर सायकलवरून आले. येताना एका हातात ताट होतं आणि सायकल दुसऱ्या हाताच्या भरवशावर. उतरले म्हणण्यापेक्षा सायकलनेच त्यांना सोडलं.

"बघ! बघ हे!"

ताटात पापड होते. एका टोच्याचे, दोन टोच्यांचे, तीन टोच्यांचे, आणि तिन्ही हिरवे. पालकाचा रस घातल्यासारखे हिरवे. त्यांच्या शेजारी टोपणाच्या ठशाचे पापड मात्र स्वच्छ, पांढुरके, देखणे.

"बुरशी धरली वाटतं," सर म्हणाले. "तिघींना धरली आणि आपल्याला नाही!"

"बुरशी नाहीये ही सर." मी एक हिरवा पापड उचलून हुंगला. "काकूंनी पापडखार घातला होता ना?"

"खाराशिवाय पापड कसा फुलेल?"

मी त्यांना बसवलं आणि एका दमात सांगितलं. सूर्यफुलाच्या बियांत क्लोरोजेनिक आम्ल नावाचा एक पदार्थ असतो. खार लागला की तो प्रथिनाशी जुळतो आणि हिरवा पडतो. रंगाचं एक वेळ चालेल, पण या भानगडीत आधीच कमी असलेलं लायसिन आणखी अडकून पडतं. म्हणूनच सूर्यफुलाचं पीठ माणसाच्या ताटात यायला अडतं. आणि ज्या जातीत हा पदार्थ जवळजवळ नाही, ती जात…

"ती जात?" सर कुजबुजले.

"ती जात सबनीस सर डोक्यावर घेऊन नाचतील."

सरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग डोळे पुसत म्हणाले, "पापड फुटू देऊ नकोस. धर नीट." मला त्या क्षणी त्यांच्याइतकाच आनंद झाला होता. अशी गोष्ट नोकरीच्या पहिल्याच वर्षात आपल्या टेबलावर यावी, एवढं कुणाचं नशीब असतं?

दुपारचं जेवण सरांच्याच घरी ठेवलं होतं. डॉ. सबनीस म्हणजे उंच, सडपातळ, मोजून बोलणारे आणि मोजूनच खाणारे गृहस्थ. बरोबर समितीची आणखी माणसं होती, पण सबनीसांनी मान हलवल्याशिवाय त्यांच्यातलं कुणी मान हलवत नव्हतं. सरांनी ताट पुढे केलं. सबनीसांनी आधी हिरवे पापड पाहिले, मग पांढरा उचलला, उजेडात धरला.

"हे एकाच पद्धतीने केलेत?"

"एकाच हाताने केलेत," सर म्हणाले. "आमच्या घरातल्या."

"खार सगळ्यात?"

"सगळ्यात."

"नळेगावकर," सबनीस सावकाश म्हणाले, "अशा जातीबद्दल मी आजवर फक्त वाचत आलोय. तुम्हाला कल्पना आहे का, तुमच्याकडे काय आहे याची? प्रथिनाचा तो आकडा विसरा आता. यावर तुमच्या नावाने शोधनिबंध गेला पाहिजे. मी स्वतः पाठवतो."

सर सुरूच झाले. अमुक साली कुठल्या ओळीत ही पहिल्यांदा दिसली, कुठल्या साली पोपटांनी निम्मी संपवली, कसं मूठभर बी उरलं होतं आणि ते उशाशी घेऊन ते कसे झोपले. मी त्यांना इतकं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. नातेवाइकांच्या घोळक्यात लेकीचे गुण सांगणाऱ्या बापासारखं त्यांचं चाललं होतं आणि समिती मुकाट्याने ऐकत होती.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून काकूंनी मला खूण केली. मी आत गेले. त्यांनी दार ओढून घेतलं. चेहरा पांढराफटक.

"काय म्हणायलेत गं ते?"

"अहो काकू, सात नंबर निवडली म्हणून समजा! ती हिरवी पडली नाही ना, म्हणून. सरांच्या नावाने निबंध छापणार आहेत."

काकू पाटावर बसल्या. "पडली होती," त्या म्हणाल्या.

"काय?"

"हिरवी. सगळ्यांच्या आधी तीच पडली होती."

मला काही कळेना. काकूंनी पदराने तोंड पुसलं आणि भराभर सांगून टाकलं. पीठ त्यांनी आधी सात नंबरचंच भिजवलं होतं. यांचे पापड सगळ्यांत जास्त फुलावेत म्हणून खारही जरा सढळ हाताने घातला होता. गोळा झाकून ठेवला आणि बाकीची तीन पिठं भिजवून येऊन बघतात, तर गोळा हिरवागार! त्यांना वाटलं, आपल्या हातून काहीतरी चुकलं, खार जास्त झाला, पीठ नासलं. डब्यात दुसरं उरलं नव्हतं. तेव्हा तो गोळा त्यांनी शेजारच्या म्हशीला घातला, घरातलं नुसतं उडदाचं पीठ भिजवलं, त्याचे पापड लाटले आणि त्यावर टोपण उमटवलं.

"आन बाकीचे?"

गोंधळात मीही काकूंसारखंच बोलून गेले.

"बाकीचे तवा चांगले होते की! वाळता वाळता हिरवे झाले. सकाळी हे ताट घेऊन नाचतच सुटले. मी तोंड उघडायच्या आत सायकलवर." काकूंनी माझा हात धरला. "ते उडदाचे आहेत हे कळंल का कुणाला?"

"सात नंबरचं कच्चं बी सरांच्या खोलीत आहे. त्यावर खाराच्या पाण्याचा एक थेंब टाकला की झालं. आज नाही तर पुण्याला टाकतीलच."

"आन मंग?"

मंग काय, ते मला सांगवेना. बाहेरून सरांच्या हसण्याचा आवाज आला. निबंध छापून येणार, पुण्याच्या प्रयोगशाळेत थेंब पडणार, आणि ज्याने आयुष्यात एक आकडाही खोटा लिहिला नाही तो माणूस निवृत्तीच्या वर्षी लबाड ठरणार. आणि आत्ता सांगितलं, तर सात नंबर गेली. बाहेर जाऊन सांगायचं तर माझंच काम होतं ते, पण मी दाराची कडी धरून उभीच राहिले.

काकू उठल्या. पदर खोचला, मग तो पुन्हा काढून नीट डोक्यावरून घेतला. "तू थांब हितं," त्या म्हणाल्या. "सवत माझी आहे."

त्या बाहेर गेल्या. परक्या माणसांसमोर काकू कधी बैठकीत येत नसत, त्यामुळे त्यांना पाहूनच सगळे गप्प झाले.

"ते पापड उडदाचे आहेत," काकू सबनीसांकडे न बघता म्हणाल्या. "नुसत्या उडदाचे. ह्यांच्या सूर्यफुलाचं पीठ हिरवं पडलं, मला वाटलं मीच नासवलं. म्हणून मी बदललं. ह्यांना काही माहीत नाही. ह्यांना बोल लावू नका."

सरांच्या हातातला पापड तसाच राहिला. मी दाराशी उभी राहून त्यांच्याकडे बघत होते आणि बघवत नव्हतं.

मग सरांनी विचारलं, "किती हिरवं झालं होतं?"

"तुमच्या त्या स्वेटरावाणी."

"बाकीच्या तिघींपेक्षा जास्त?"

"लई जास्त."

सर उठले आणि मला म्हणाले, "कालिंदी, बी आण. आणि खार." त्या दिवसात त्यांनी मला पहिल्यांदा नावाने हाक मारली होती. मी चार बशांत चारही जातींचं बी ठेचून ठेवलं, सगळ्यांना सारखंच खाराचं पाणी घातलं. सगळी समिती बशांभोवती उभी राहिली. जेवण गार होत होतं, पण कुणालाच त्याची शुद्ध नव्हती. हळूहळू चारही बशा हिरव्या व्हायला लागल्या. आणि कुणाला पैज लावायचीही गरज पडली नाही, सात नंबरची बशी सगळ्यांच्या पुढे होती.

सर वाकून बघत होते. मग ताठ झाले.

"चला," ते म्हणाले, "कशात तरी पहिली आली."

सबनीस आधी खोकले. मग त्यांना हसू आवरेना. त्यांनी मान मागे टाकून असं हसायला सुरुवात केली की बाकीच्यांनाही परवानगी मिळाली. सरही हसले. हसता हसता त्यांना एकदम काहीतरी आठवलं आणि ते काकूंकडे वळले.

"तो गोळा म्हशीने खाल्ला का?"

"चाटून पुसून खाल्ला."

"बघा डॉक्टर," सर सबनीसांना म्हणाले, "एक तरी मत पडलं आमच्या बाजूने."

सात नंबर बाद झाली. सबनीसांनी जाताना काकूंना नमस्कार केला आणि उडदाचे सगळे पापड पुण्याला मागून घेतले. जीप धुरळा उडवत फाटकाबाहेर गेली. आम्ही तिघं ओट्यावर उभे होतो. मी निघायला हवं होतं, पण चपला सरांच्या पलीकडे होत्या.

"कावेरी," सर म्हणाले. काकूंचं नाव कावेरी आहे हे मला तेव्हा कळलं. "जन्मभर सवत सवत म्हणून तिला शिव्या घातल्यास. मग तिच्यासाठी पीठ बदलायला गेलीस कशाला?"

काकू ओट्यावरचं ताट उचलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"सवत असली तरी घरातलीच ना," त्या म्हणाल्या. "चारचौघांत तिची शोभा होऊ द्यायची होय?"

सरांनी काकूंच्या हातातलं ताट घेतलं आणि ते स्वतः आत घेऊन गेले. सरांना स्वयंपाकघरात पाऊल टाकताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. काकूंनीही पाहिलं नसावं, कारण त्या तिथेच उभ्या राहिल्या आणि मला हळूच म्हणाल्या, "ताट कुठं ठिवतात तेही माहीत नाही त्यांना."

पुढे मी नोकरी बदलली, विद्यापीठात शिकवायला लागले. दरवर्षी नव्या वर्गाला मी सूर्यफुलाचं बी ठेचून खाराचं पाणी घालून दाखवते. मुलं हिरवा रंग बघून ओरडतात. हे पहिल्यांदा कुणाच्या घरात पाहिलं ते मी त्यांना सांगत नाही.

लातूरला एका परीक्षेसाठी गेले होते, तेव्हा सरांच्या घरी डोकावले. निवृत्तीनंतर त्यांनी गावाबाहेर छोटं घर बांधलं होतं. कुंपणाला लागून सूर्यफुलांची रांग होती आणि हातात काठी घेऊन काकू पोपटांना हाकलत होत्या. "हाड! मेल्यांनो, दुसरं घर नाही का!" फुलांच्या डोक्यांवर पिशव्या बांधल्या होत्या. जुन्या साड्यांच्या, रंगीबेरंगी. त्या सरांनी शिवल्या नव्हत्या हे शिवणीवरूनच कळत होतं.

"सात नंबर?" मी विचारलं.

"दुसरं कोण असणार!" काकू म्हणाल्या आणि पापड तळायला आत गेल्या.

पापड आले. हिरवट, फुललेले, कुरकुरीत. मी एक मोडून तोंडात टाकला आणि सरांना म्हटलं, "उडीद अजून निम्मा घालता?"

"निम्म्याहून थोडा जास्तच," सर म्हणाले. ते आता बरेच थकले होते, हातही कापत होता. त्यांनी आत तेलापाशी बसलेल्या काकूंकडे बघितलं. "एकटं सूर्यफूल पुरं पडत नाही, असं तूच सांगितलं होतंस ना? मला ते कळायला जरा उशीर लागला."

"काय म्हणायलेत गं?" आतून काकूंनी विचारलं.

"काही नाही," सर म्हणाले, "केमिस्ट्री."

"मंग ती नंतर करा. आधी हे गरम आहेत तोवर खा."

आम्ही खाल्ले.